पेंग्विन मैदानात का उतरला?

१९९०च्या दशकात निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी या भागांत शाळेत गेलेली मुलं आता पस्तिशी-चाळिशीत आहेत. टीव्हीला जोडायच्या जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की त्यांच्याकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : त्या कॅसेटवर ९९,९९९ गेम असं छापलेलं असायचं, ते खरं होतं का? याचं उत्तर 'नाही' असं आहे आणि लबाडी कशी चालायची ते पुढे येईलच. दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो. बर्फावरून धावणारा पेंग्विन, टेबलावरून चेंडू सोडणारा पांडा. या गेममध्ये खेळाडू म्हणून प्राणीच का? माणसं का नाहीत?

'लहान मुलांचे गेम होते म्हणून', असं उत्तर लोक देतात. ते चूक नाही, पण फार तर चार आणे बरोबर आहे. उरलेले बारा आणे डब्याच्या आत आहेत. त्या यंत्राला आठवण किती होती, रंग किती यायचे आणि समोरचा टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र काढायचा, हे कळलं की पेंग्विन आपोआप समजतो.

१. डबा कुठून आला

मूळ यंत्र जपानचं. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचा डबा बाजारात आणला. बोलण्यात त्याचा 'फॅमिकॉम' झाला. किंमत १४,८०० येन. पुढे तैवानमधल्या यूएमसी कंपनीने या यंत्रातल्या दोन मुख्य चिपांसारख्या चालणाऱ्या चिपा बनवल्या आणि त्यांच्यावर बेतलेले स्वस्त डबे जगभर पसरले. भारतात ते लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी मिळायचे. डब्याचं नाव काहीही असो, आतला जीव तोच.

अस्सल परदेशी मालाची गोष्ट वेगळी होती. सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह १९९५मध्ये शॉ वॉलेसमार्फत भारतात अधिकृतपणे आलं, तेव्हा त्याची किंमत १८ हजार रुपये होती. कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाच्या पोराने एवढ्या पैशांचा हट्ट धरला असता तर काय उत्तर मिळालं असतं, ते सांगायला नको. त्यामुळे पिंपरी कॅम्पातून नाहीतर पुण्यातल्या तपकीर गल्लीतून हे नकली डबे घरी यायचे. टीव्हीची अँटेनाची वायर काढायची, तिथे गेमची वायर खुपसायची, आणि मुंग्या जाऊन चित्र येईपर्यंत चॅनेलचं बटण फिरवत बसायचं.

खेळायची वेळ मात्र या पट्ट्यात कारखाना ठरवायचा. भोसरी-पिंपरीच्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. म्हणजे मुलांना सुट्टी त्या दिवशी वडील कामावर, आणि वडील घरी त्या दिवशी मुलं शाळेत. वडिलांची थर्ड शिफ्ट असली की दिवसा ते झोपलेले, टीव्हीचा आवाज शून्यावर. अशा घरांतल्या मुलांनी कितीतरी गेम मुक्याने खेळलेत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. संगीताचा मुद्दा पुढे येणार आहे.

२. चौसष्ट ठिपक्यांचं अंग

फॅमिकॉमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके असतात. हे यंत्र सुटा ठिपका वापरत नाही. ८ आडवे आणि ८ उभे अशा ६४ ठिपक्यांचा एक चौकोनी तुकडा, हे त्याचं सगळ्यात लहान माप. जमीन, ढग, चेंडू, खेळाडूचं डोकं, सगळं या तुकड्यांतून जुळवायचं.

एका तुकड्याला जागा किती लागते, ते बघू. प्रत्येक ठिपक्याला चारच पर्याय : तीन रंगांपैकी एक, किंवा पारदर्शक. चार पर्याय नोंदवायला दोन बिट लागतात. बिट म्हणजे 'हो' किंवा 'नाही' एवढीच नोंद. ६४ ठिपके गुणिले २ म्हणजे १२८ बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १६ बाइट. खेळाडू दोन तुकडे रुंद आणि दोन तुकडे उंच धरला तर चार तुकडे, ६४ बाइट.

साध्या कॅसेटमध्ये चित्रांसाठी ८ किलोबाइटची चिप असायची. तिच्यात ५१२ तुकडे मावतात. साधारणपणे त्यातले निम्मे मैदानाला आणि निम्मे हलणाऱ्या पात्रांना, म्हणजे पात्रांच्या वाट्याला २५६. एका पवित्र्याला चार तुकडे, तर एकूण ६४ पवित्रे. आठ खेळाडू घेतले तर प्रत्येकाला आठ पवित्रे मिळतात : धावतानाचे दोन, उडी, फेक, पडणं, उठणं, जिंकणं, रडणं. झालं, संपली चिप. चेंडूला जागाच उरली नाही!

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. ३२ प्रोग्रामला, ८ चित्रांना. रोज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारं फुलाचं चित्र बहुधा त्याहून जड असतं.

मग चित्रकार काय करायचा? भोसरीतल्या प्रेस शॉपमध्ये जे चालतं तेच. एक डाय बनवायला खर्च येतो, पण एकदा बनली की तिच्यातून हवे तेवढे पार्ट काढता येतात. म्हणून डिझायनर असा पार्ट शोधतो जो डाव्या बाजूलाही चालेल आणि उजव्याही. फॅमिकॉमला हलत्या तुकड्यांची आरशातली प्रतिमा फुकटात दाखवता येते. डावीकडे बघणारा तुकडा उजवीकडे फिरवायला एकही जादा बाइट लागत नाही. पाठमोरा धावणारा पेंग्विन घ्या. डाव्या पायावर झुकलेला एक पवित्रा काढला की उजव्या पायावर झुकलेला आरशातून मिळतो. दोन्ही आलटून पालटून दाखवले की पेंग्विन डुलत डुलत धावू लागतो. माणूस असा डुलत धावला तर हास्यास्पद दिसेल. पेंग्विन मात्र चालतोच तसा.

३. तीन रंगांत कोण मावतं

एका तुकड्यात पारदर्शक सोडून तीनच रंग येतात, हे वर आलंच. आता धोतरातला असो की चड्डीतला, एक माणूस त्यात काढून बघा. कातडीला एक रंग, केसांना एक, कपड्यांना एक. संपले. बूट केसांच्याच रंगाचे. डोळ्यांचे ठिपके काढायचे तर तेही केसांच्या रंगाचे. सोळा ठिपके उंचीत चेहऱ्याला सहा-सात ठिपके येतात. त्यात नाक काढलं की तोंड राहतं, आणि तोंड काढलं की मिशी वाटते. असे चार खेळाडू शेजारी उभे केले तर ते एकमेकांचे जुळे भाऊ दिसतात.

पेंग्विनला किती रंग लागतात? काळा, पांढरा, चोचीला नारिंगी. बरोबर तीन. पांडाला दोन पुरतात, वर एक शिल्लक राहतो. सशाला लांब कान दिले की तो पाठमोरा उभा असला तरी ससाच. हत्तीला सोंड, कोआलाला गोल कान. प्राण्याची ओळख त्याच्या आकारात असते. माणसाची ओळख चेहऱ्याच्या बारकाव्यात असते, आणि बारकावा हीच गोष्ट या यंत्राकडे नव्हती. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हेच आहे. बाकीची कारणं खरी आहेत, पण ती याच्या मागून चालतात.

खेळाच्या दुनियेला ही गोष्ट गेमच्या आधीपासून ठाऊक होती. मॉस्को ऑलिंपिकचा मिशा अस्वल १९८०चा. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचा अप्पू हत्ती तर त्या पिढीच्या भारतीय मुलांनी बघितलेला बहुधा पहिला प्राणी-खेळाडू. त्याच वर्षी दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, आणि पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची महानगरपालिका झाली तीही त्याच वर्षी. पुढे २००८मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पुण्यात भरल्या. मुख्य मैदान बालेवाडीचं, वाकड-हिंजवडीच्या शेजारचं. त्यांचं बोधचिन्ह होतं 'जिगर' नावाचा वाघ. तोपर्यंत संगणकावर रंगांची काहीच वानवा नव्हती. पण बोधचिन्ह बिल्ल्यावर छापायचं असतं, टोपीवर शिवायचं असतं, लांबून बसच्या पाठीवर दिसायचं असतं. अंगठ्याएवढ्या जागेत ओळखू येणं ही अट तिथेही तशीच होती, आणि चित्रकाराने पुन्हा प्राणीच निवडला.

जाता जाता एक अमेरिकन किस्सा. स्टीव्हन लिस्बर्गर या दिग्दर्शकाने १९८०च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने एनबीसी वाहिनीसाठी 'ॲनिमलिंपिक्स' नावाचा कार्टूनपट केला. सगळे खेळाडू प्राणी. तेवढ्यात अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला आणि बिचाऱ्या प्राण्यांचे हाल झाले. त्याच लिस्बर्गरने दोनच वर्षांनी 'ट्रॉन' काढला, व्हिडिओ गेमच्या आत अडकलेल्या माणसाचा सिनेमा.

४. मैदानात गर्दी नको

फॅमिकॉम एका वेळी ६४ हलते तुकडे दाखवू शकतो. त्याहून जाचक नियम असा, की कोणत्याही एका आडव्या रेषेवर आठच. नववा आला की तो दिसेनासा होतो.

फुटबॉलचा सामना घ्या. प्रत्येक खेळाडू दोन तुकडे रुंद. चार खेळाडू एका रेषेत आले की आठ तुकडे भरले. पाचवा त्या रेषेत शिरला तर त्याचं अंग अदृश्य व्हायला हवं. गेम लिहिणारे यावर तोडगा काढतात : प्रत्येक चित्रात वेगवेगळ्या खेळाडूला गाळायचं, म्हणजे कुणीच कायमचं नाहीसं न होता सगळे थोडे थोडे लुकलुकतात. लहानपणी गर्दी झाली की पात्रं लुकलुकायची, तेव्हा आपण डब्यावर थाप मारायचो किंवा वायर हलवायचो. बिघाड वायरीत नव्हताच, मोजणीत होता.

यातून आपोआप असे खेळ पुढे आले ज्यांत दोघेच भिडतात, किंवा एकटाच घड्याळाविरुद्ध धावतो. एकेकाला जास्त तुकडे देता येतात, तो मोठा आणि मजेदार दिसतो.

५. दोन खेळ जवळून

दोघांच्या लढतीचा नमुना म्हणजे 'पेंग्विन-कुन वॉर्स'. यूपीएल कंपनीने १९८५मध्ये तो नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी केला, आणि त्याच वर्षी तो फॅमिकॉमवर आला. लांब टेबलाच्या दोन टोकांना दोन प्राणी. प्रत्येकाकडे पाच चेंडू. हातातला चेंडू समोरच्याकडे सोडायचा. आपल्या बाजूचे सगळे चेंडू पलीकडे गेले आणि दहाच्या दहा समोरच्याकडे जमले की जिंकलात. वेळ संपली तर ज्याच्याकडे कमी चेंडू तो जिंकला. चेंडू अंगावर बसला की प्राणी कोलमडतो आणि थोडा वेळ निपचित पडतो, आणि तेवढ्यात दुसऱ्याने आपले उरलेले चेंडू ढकलून टाकायचे.

नियम एवढेच, पण डावपेच भरपूर. शेवटचा चेंडू लगेच सोडायचा, की समोरचा वाकेपर्यंत हातात धरून ठेवायचा? घाईने सोडलेला चेंडू तो पकडतो आणि दुप्पट जोमाने परत पाठवतो. आता कल्पना करा, टेबलाच्या टोकाला दोन माणसं आहेत आणि एकमेकांना चेंडू मारून बेशुद्ध पाडतायत. ती मारामारी झाली. पांडा उताणा पडला की हसू येतं. प्राणी घेतल्याने खेळातली धसमुसळी चालून जाते.

एकट्याच्या शर्यतीचा नमुना आपल्याकडे जास्त ओळखीचा. कोनामी कंपनीचा 'अंटार्क्टिक ॲडव्हेंचर' आधी १९८३मध्ये एमएसएक्स या घरगुती संगणकावर आणि १९८५मध्ये फॅमिकॉमवर आला. आपल्याकडच्या अनेक गेमच्या कॅसेटांत तो हमखास असायचा. पेंग्विन पाठमोरा धावतो, समोरून बर्फातली भोकं आणि भेगा येतात, भोकातून सील डोकं वर काढतात, मासे उडतात. वरचं बटण दाबलं की वेग वाढतो, खालचं दाबलं की कमी होतो. ठरलेल्या वेळात पुढच्या देशाच्या संशोधन तळावर पोचायचं : ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, न्यूझीलंड, अमेरिका, अर्जेंटिना, ब्रिटन, जपान. पोचला की त्या देशाचा झेंडा चढतो. भारताने आपला पहिला तळ, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४च्या सुमारास उभारला. गेममध्ये तो नाही.

या गेमचं मला आवडणारं वैशिष्ट्य असं, की पेंग्विन मरत नाही. त्या काळच्या बहुतेक गेममध्ये तीन लाइफ असायच्या आणि खड्ड्यात पडलं की एक गेली. इथे अडखळलं की फक्त वेळ जातो. शर्यतीत खरोखरच तसं असतं. ठेच लागलेला धावपटू मरत नाही, मागे पडतो. म्हणून मी याला साहसी गेम न म्हणता सरळ क्रीडा गेम म्हणतो, नावात काहीही असो.

आणखी एक. पडद्यावर जे थोडंफार लिहिलेलं असायचं ते चिंचवडच्या तिसरीतल्या मुलाने वाचलं नाही तरी काही अडत नव्हतं. नकाशा, झेंडा, घड्याळ आणि पेंग्विन. माणसांच्या क्रीडा गेममध्ये संघ निवडा, खेळाडू निवडा, डावपेच निवडा अशी पाटीच समोर येते. प्राण्याच्या अंगाकडे बघूनच कळतं की हा चपळ, तो जड, याच्याशी खेळताना घाई करू नये. कोनामीने या पेंग्विनला पुढे १९८६मध्ये 'पेंग्विन ॲडव्हेंचर'मध्ये पुन्हा पळवलं. नंतर जगप्रसिद्ध झालेल्या हिदेओ कोजिमाचं कोनामीतलं पहिलं काम याच गेमवरचं.

६. आपला पेंग्विन हळू का धावायचा

हे प्रकरण लिहायचं खरं कारण हा भाग आहे. आज फोनवर किंवा संगणकावर हाच जुना गेम उघडलेले वाचक म्हणतात : गेम पळतोय. लहानपणी आम्ही हा सहज जिंकायचो, आता हात पोचत नाही, वय झालं. वय झालं असेलही. पण गेम खरोखरच पळतोय.

भारतातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि आपला टीव्हीही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारा. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा. फॅमिकॉमचे गेम या रंगवण्याच्या ठेक्यावर चालतात. पडदा एकदा रंगला की गेम एक पाऊल पुढे जातो : बटणं तपासतो, चेंडू सरकवतो, घड्याळ मोजतो, पुढच्या रंगवण्याची वाट बघतो. सेकंद किती झाले हे त्याला घड्याळातून कळत नाही, तो पावलं मोजतो. साठ पावलं म्हणजे एक सेकंद, असं जपानमध्ये बसलेल्या माणसाने लिहून ठेवलं.

आता समजा एका गेममध्ये ६० सेकंदांचा डाव आहे. ६० गुणिले ६० म्हणजे ३,६०० पावलं. आपल्या टीव्हीवर सेकंदाला ५० पावलं पडतात. ३,६०० भागिले ५० म्हणजे ७२. पडद्यावरचं घड्याळ साठ म्हणतं, भिंतीवरचं बहात्तर. चेंडू, सील, घड्याळ, सगळं एकाच प्रमाणात हळू, त्यामुळे आत बघणाऱ्याला काही खटकत नाही. तैवानी चिपांचे जे डबे ५० आवर्तनांच्या देशांत विकले गेले, त्यांतल्या बहुतेकांवर असंच व्हायचं.

एक गोष्ट मात्र हळू होत नाही : खेळणाऱ्याचा मेंदू. डोळ्याला काही दिसून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, जपानमध्येही आणि आकुर्डीतही. यंत्राच्या बाजूने खेळणारा प्राणी असा चालतो : चेंडू कुठल्या बाजूला येतोय ते बघ, ठरलेली पावलं थांब, मग हल. त्याला हुशार करायचं तर थांबायची पावलं कमी करायची, मठ्ठ करायचं तर वाढवायची. समजा एक प्राणी १२ पावलं थांबतो. ६०च्या टीव्हीवर ते ०.२० सेकंद होतात, म्हणजे तो माणसाच्या आधी हलतो. ५०च्या टीव्हीवर तेच १२ भागिले ५०, म्हणजे ०.२४ सेकंद. आता दोघं जवळजवळ बरोबरीत. जपानी मुलाला जो प्रतिस्पर्धी डोईजड व्हायचा तो आपल्याकडे तुल्यबळ झाला. भारनियमनापासून शिफ्टपर्यंत सगळ्या बाबतींत गैरसोय सोसणाऱ्या आपल्या मुलांना निदान इथे सूट मिळाली होती, आणि ती त्यांना कुणी सांगितलीही नाही.

राहिला संगीताचा मुद्दा. 'अंटार्क्टिक ॲडव्हेंचर'ला जी धून वाजते ती एमिल वाल्डटॉयफेल या फ्रेंच संगीतकाराची १८८२ची, 'स्केटर्स वॉल्ट्झ', बर्फावर घसरणाऱ्यांवर रचलेली. तिचा पुढचा सूर कधी लावायचा हेही गेम पावलं मोजूनच ठरवतो, म्हणून आपल्याकडे लय विलंबित व्हायची. सुराची पट्टी मात्र मुख्य चिपच्या ठेक्यावर ठरते. मूळ चिपचा ठेका सेकंदाला सुमारे १७.९ लाख, आपल्याकडच्या डब्यांतला सुमारे १७.७ लाख, कानाला फरक कळणं कठीण. सूर तोच, लय मंद. थर्ड शिफ्टच्या घरांत तर दोन्ही नाहीत.

७. टर्बोची गोष्ट

क्रीडा गेमची एक जात अशी होती की ज्यात बटण जितकं जोरात बडवाल तितका खेळाडू पळतो. कोनामीचा १९८३चा 'ट्रॅक अँड फील्ड' हा तिचा मूळपुरुष. जपानमध्ये हडसन कंपनीचे ताकाहाशी मेइजिन एका सेकंदात सोळा वेळा बटण दाबण्यासाठी प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या रिमोटवर 'टर्बो' नावाची दोन जादा बटणं असायची. ती नुसती दाबून धरली की आतलं सर्किट आपोआप दाब-सोड, दाब-सोड करतं.

याला वरची मर्यादा आहे. गेम प्रत्येक पावलाला एकदाच बटण तपासतो. एका पावलात दाबलेलं, पुढच्यात सुटलेलं, अशी दोन पावलं मिळून एक दाब मोजला जातो. म्हणजे ६०च्या टीव्हीवर सेकंदाला जास्तीत जास्त ३०, आपल्याकडे २५. त्याहून वेगाने दाबलेलं यंत्राला कळतच नाही. टर्बोवाला रिमोट कुणाकडे, यावरून भावंडांत किती भांडणं झाली असतील याची कल्पना वाचकांना आहेच. पेंग्विनच्या शर्यतीत टर्बोचा काही उपयोग नव्हता, म्हणून तो गेम न्याय्य होता.

८. ९९,९९९ची लबाडी

कॅसेटमध्ये प्रत्यक्षात गेम थोडेच. सुरुवातीला जी यादी दिसते तो एक छोटा प्रोग्राम असतो. यादीतली नोंद निवडली की तो ठरलेला गेम उघडतो, पण त्याआधी स्मृतीतल्या एखाद्या घरात वेगळा आकडा टाकून ठेवतो : तिसऱ्या स्टेजपासून सुरू कर, लाइफ जास्त दे. एकाच गेमला असे आकडे टाकून नवनवी नावं दिली की यादी हवी तेवढी लांबते. गेम खरे किती हे ओळखायला आम्ही सोपी युक्ती सांगतो : यादीतली एकेक नोंद उघडत जा, आधीचाच गेम पुन्हा आला, की तिथून मागे मोजा.

अशा कॅसेटांत लहान गेमच भरले जायचे, कारण एका चिपमध्ये ते जास्त मावतात. १९८४-८५चे जुने गेम भारतात १९९५ नंतरही नव्याने खेळले गेले, त्याचं कारण हे. जपानी मुलांनी ज्या पेंग्विनला दहा वर्षांपूर्वी अडगळीत टाकलं होतं, तो इथे नव्या कॅसेटमधून पुन्हा धावत होता.

९. आज खेळायचं तर

यंत्रांची आठवण वाढली तसे रंग आणि तुकडे वाढले. १९९४मध्ये कोनामीने मेगा ड्राइव्हसाठी 'टायनी टून' मालिकेतल्या सशा-बदकांना बास्केटबॉल, फुटबॉल आणि बोलिंग खेळायला लावलं. तिथे प्राणी होते ते रंग कमी म्हणून नव्हे, तर टीव्हीवर लोकप्रिय म्हणून. पुढे 'फिफा'सारख्या गेमनी खऱ्या खेळाडूंची नावं घेतली, त्यासाठी रीतसर हक्क विकत घेतले, आणि प्राण्यांची मैदानावरची सद्दी ओसरली. २००७मध्ये मात्र सोनिक हा निळा हेजहॉग चक्क अधिकृत ऑलिंपिक परवाना असलेल्या गेममध्ये मारिओसोबत धावला.

माळ्यावरचा जुना डबा काढणार असाल तर कॅसेटला फुंकर मारू नका. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि त्या गंजतात. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, वाळू द्या, मग बसवा. नवीन टीव्हीला अँटेनाची जागा असली तरी बऱ्याचदा जुना सिग्नल नीट सापडत नाही; लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींचा डबा असेल तर काम सोपं होतं.

संगणकावर खेळणाऱ्यांसाठी एफसीईयूएक्स, मेसेन असे प्रोग्राम आहेत. त्यांत प्रदेश निवडायची जागा असते : एनटीएससी (साठचा), पाल (पन्नासचा) आणि तिसरा पर्याय 'डेंडी'. डेंडी हा रशियात स्टीपलर कंपनीने १९९२च्या अखेरीस विकायला काढलेला, याच तैवानी चिपांवर चालणारा डबा. तो इतका खपला की पन्नास आवर्तनांच्या नकली यंत्रांच्या अख्ख्या जातीला त्याचं नाव पडलं. लिटल मास्टर किंवा टर्मिनेटर असा पर्याय त्या यादीत नाही. तेव्हा 'डेंडी' निवडा, आणि साठ सेकंदांचा डाव भिंतीवरच्या घड्याळाने एकदा मोजून बघा.